संकोचाचा तुकडा

"दोघंही मला ओढणार," उराबे शिगेजी आरशाला म्हणाले. "एक डावा हात धरून, एक उजवा. आणि मी दोघांनाही नाही म्हणणार."

आरशाने हरकत घेतली नाही. चव्वेचाळीस वर्षं त्या घरात हरकत घ्यायचं खातं बायकोकडे, मित्सुएकडे होतं, आणि मित्सुएला जाऊन आज एकोणपन्नासावा, सुतक फिटायचा दिवस होता.

बेत पक्का होता. सकाळी देवळात पाठ, मग अस्थी मातीत ठेवायच्या, मग तिघांनी मिळून जेवायचं. जेवताना मुलं विषय काढणार. बाबा, आता एकटे राहू नका, आमच्याकडे चला. मुलगी कानाए लग्न होऊन निईगाताला गेलेली, तिच्या घराची मागची खिडकी समुद्रावर उघडते. मुलगा तेत्सुरो सैतामाला, जिथून समुद्र बघायचा तर सकाळी डबा बांधून निघावं लागतं. उराबेंना यातलं काहीच नको होतं. अडतीस वर्षं त्यांनी ओसाकाची ट्राम चालवली होती, घरही ट्रामच्या रुळाला खेटून होतं, आणि दर बारा मिनिटांनी कपाटातली भांडी थरथरली नाहीत तर त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

तेव्हा नकार द्यायचा. पण असा द्यायचा की पोरांचं मन मोडू नये. आठवडाभर डोकं खाजवून त्यांनी दोन कागद तयार केले होते. कानाएसाठी: समुद्राचा वारा माझ्या गुडघ्यांना बाधतो. तेत्सुरोसाठी: समुद्र जवळ नसला तर मला झोप लागत नाही. दोन्ही कारणं एकमेकांच्या उरावर बसत होती, म्हणून कागद वेगवेगळ्या खिशांत. कानाएचा डाव्या, तेत्सुरोचा उजव्या. दोन्ही पाठ केले होते. 'तुमची माया मला कळते' या वाक्यापाशी आवाज जरासा कापवायचा, हेसुद्धा ठरलं होतं.

आता खरं सांगून टाकायला हरकत नाही. उराबेंना जायचं नव्हतं, पण विचारलेलं हवं होतं. घरात सात आठवडे एकटं बसल्यावर माणसाला नाही म्हणायला तरी कोणी लागतं.

नकाराला जोड म्हणून पुरावाही हवा होता. हा म्हातारा एकटा राहू शकतो, स्वतःचं करून खाऊ शकतो, हे पोरांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. म्हणून जेवणाची जागा त्यांनी स्वतः निवडली. अशा दिवशी लोक काळ्या लाखेच्या डब्यांतून नाजूक घास देणाऱ्या हॉटेलात जातात. उराबेंनी बाजारगल्लीतलं 'हिसागो' ठरवलं. तिथे ओकोनोमियाकी मिळते, म्हणजे मिळते ती कोबी-पिठाची वाटी. ती टेबलातच बसवलेल्या तव्यावर ओतायची, भाजायची आणि उलटायची, हे गिऱ्हाइकाने आपलं आपण करायचं.

"ओसाकाच्या माणसाला ओकोनोमियाकी उलटता येत नाही असं कधी झालंय का?" ते आरशाला म्हणाले.

झालं होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते आणि मित्सुए 'हिसागो'त जात, आणि चाळीस वर्षांत पीठ फेटणं, ओतणं, उलटणं, सॉस लावणं, कापणं आणि शेवटी गॅस बंद करणं, ही सगळी कामं मित्सुएने केली होती. उराबेंकडे "वा" म्हणायचं काम होतं. ते त्यांनी मन लावून केलं. बाकी आयुष्यात त्यांच्यावर कुठलीच गोष्ट उलटायची वेळ आली नव्हती. ट्रामसुद्धा उलटावी लागत नाही. शेवटचा थांबा आला की ड्रायव्हर गाडी चालवायचा आपला दांडा उपसतो, चालत दुसऱ्या टोकाला जातो, आणि मागचं ते पुढचं होतं.

सराव म्हणून गेल्या मंगळवारी त्यांनी घरी एक करून पाहिली होती. ती उडून शेगडीच्या मागे गेली. अजून तिथेच आहे.

साडेबाराला तिघं 'हिसागो'त शिरले. तिघंही डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत, आणि उराबेंच्या छातीशी काळ्या फितीत बांधलेला मित्सुएचा फोटो. दुकानात जेवत बसलेल्या दोन माणसांनी उलथनी खाली ठेवली, घाईघाईने उरलेलं तोंडात कोंबलं आणि वाकून नमस्कार करत बाहेर पडली.

"या उराबेसान," शिनोमावशी काउंटरमागून म्हणाली. पंच्याहत्तरीची बाई, पण आवाज भाजीच्या लिलावातला. "मागचंच टेबल ना? पुसून ठेवलंय. बाईंना कुठे बसवताय?"

"तिच्या जागेवर."

चौकोनी टेबलाच्या आतल्या बाजूची, भिंतीकडची ती खुर्ची. उराबेंनी फोटो खुर्चीवर ठेवून पाहिला. टेबलाच्या खाली जात होता. मग सॉसच्या भांड्याला टेकून टेबलावरच उभा केला. मित्सुए आता थेट तव्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं जे ट्रामच्या पासासाठी फोटो काढताना आलं होतं. म्हणजे फारसं नव्हतंच.

"बाबा, आजच्या दिवशी हे?" कानाए खुर्ची रुमालाने झटकत कुजबुजली. "भिक्षूंनी विचारलं जेवण कुठे, तर मला सांगताना लाज वाटली."

"तुझ्या आईला आवडायचं."

तिघं बसले. शिनोमावशीने गॅस पेटवून दिला, वाट्या आणून ठेवल्या, आणि "मी आत कोबी चिरतेय, काही लागलं तर ओरडा, मी रेडिओ मोठा लावते तेव्हा जोरात ओरडा," असं सांगून गेली.

उराबेंनी कोटाच्या बाह्या सरसावल्या.

"मी करतो. तुम्ही फक्त बसा."

"तुम्ही?" तेत्सुरो म्हणाला. वीस वर्षं राजधानीच्या बाजूला राहून त्याच्या बोलण्याला परीटघडी पडली होती. "बाबा, तुम्हाला येतं?"

"एकटा राहणारा माणूस आहे मी. सगळं येतं."

फेटणं जमलं. ओतणंही जमलं, गोल झाली नाही, पण नकाशावर असे देश असतात. वरून डुकराच्या मांसाच्या पट्ट्या पसरल्या. पाच मिनिटं वाट बघायची, हात लावायचा नाही, दाबायचं तर मुळीच नाही, एवढं त्यांनी चाळीस वर्षांत बघून लक्षात ठेवलं होतं. पाच मिनिटं त्यांनी घड्याळ हातात धरून मोजली. मग दोन्ही हातांत दोन उलथनी घेतली, खाली सरकवली, मित्सुएकडे एकदा पाहिलं आणि उचलली.

अर्धी ओकोनोमियाकी तव्यावर परत आली. उरलेली तेत्सुरोच्या टायवर गेली.

"टाय काळाच आहे," उराबे थोड्या वेळाने म्हणाले. "दिसत नाही."

"कळतं ना पण," तेत्सुरो म्हणाला. "गरम आहे."

कानाएने बापाच्या हातातून उलथनी काढून घेतली. तव्यावरचं सगळं एकत्र ओढलं, टायवरचंसुद्धा परत घेतलं, कडा दाबून दाबून गोल केल्या, आणि मनगटाला एक लहानसा झटका दिला. ओकोनोमियाकी हवेत उलटी झाली आणि तव्यावर अशी बसली की जशी तिथेच उगवली होती. तो झटका मित्सुएचा होता. अगदी तोच, शेवटी करंगळी जराशी बाहेर काढण्यासकट. उराबे सवयीने "वा" म्हणाले, आणि त्याच वेळी आपला पुरावा हातचा गेला हेही त्यांना कळलं.

सॉस लागला, मेयोनेझची नक्षी झाली, वर टाकलेला सुक्या माशाचा कीस वाफेवर नाचायला लागला, आणि त्यातला थोडा उडून मित्सुएच्या फोटोच्या काचेवर, बरोबर वरच्या ओठावर जाऊन चिकटला. कोणी हसलं नाही. काढलाही नाही.

तेत्सुरोने कापायला घेतलं तेव्हा उराबे जवळजवळ उभेच राहिले. पोरगा तिला मधून तिरकी कापत होता, त्रिकोणात, केक असावा तशी.

"चौकोनी," उराबे म्हणाले. "उभ्या रेघा, मग आडव्या. तू जन्मलास कुठे?"

"चव तीच लागते, बाबा."

"तिकडच्या पाण्याने होतं असं," उराबे फोटोला म्हणाले.

शेवटी कानाएने कापली. दहा तुकडे झाले. जेवताना कोणी फारसं बोललं नाही. देवळात काय काय झालं, भिक्षूंचा आवाज बसला होता, आईची जागा बरी मिळाली, दुपारी ऊन येतं, एवढंच. तिघांनी तीन तीन तुकडे खाल्ले, आणि तव्याच्या मधोमध एक उरला.

त्या एका तुकड्याला ओसाकात नाव आहे: संकोचाचा तुकडा. ताटात शेवटचा राहिलेला घास, जो सगळ्यांना हवा असतो आणि कोणीच घेत नाही. त्याच्याकडे बघायचंही नसतं. बघितलं तर हावरट ठरता.

"तेत्सु, तू घे," कानाए म्हणाली.

"छे, ताई, तू घे. तू लांबून आलीस."

"तू काय जवळून आलास? बाबा, तुम्ही घ्या."

"माझं पोट भरलं," उराबे म्हणाले. त्यांना अजून अख्खी एक चालली असती.

तुकडा राहिला. तवा तापलेलाच होता. गॅस बंद करायची कळ टेबलाच्या खाली, आतल्या बाजूला, मित्सुएच्या गुडघ्यापाशी होती. जेवण संपलं की ती बोलता बोलता हात खाली न्यायची आणि तवा आपोआप थंड व्हायचा. निदान बाकीच्यांना तो आपोआप होतो असंच वाटायचं. आजही तिघं तसेच निवांत होते.

"बाबा," कानाएने चहाचा पेला खाली ठेवला. "पुढचं काय ठरवलंय तुम्ही?"

आलं. उराबेंनी पाठ ताठ केली. डावा हात डाव्या खिशाकडे गेला, उजवा उजव्या.

"काय ठरवायचं? तुम्हीच सांगा."

"मी आणि तेत्सु बोललो फोनवर." कानाएने भावाकडे पाहिलं. "मला वाटतं, तेत्सुकडची हवा फार छान आहे. बर्फ नाही काही नाही."

"हवेचं काय," तेत्सुरो म्हणाला. "ताईकडे समुद्र आहे. मासे ताजे. बाबांना मासे आवडतात."

"तेत्सुच्या घरापासून दवाखाना दोन मिनिटांवर आहे. दोन मिनिटं. मी चालून पाहिलंय."

"ताईकडे वरची खोली रिकामी आहे."

"वरच्या खोलीला जिना आहे. सासूबाई खालच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं करता करता मीच दिवसातून चाळीस वेळा चढते. बाबांचे गुडघे बघ. तेत्सुकडे लिफ्ट आहे."

"लिफ्ट आहे, पण घर केवढं? दोन खोल्या. दोन्ही पोरं स्वयंपाकघरात अभ्यास करतात. ताईकडे निदान अंगण आहे."

उराबेंची मान इकडून तिकडे फिरत होती. टेबलटेनिस बघताना फिरते तशी. दोन्ही खिशांत दोन्ही हात तयार होते. कोणता कागद आधी काढायचा तेवढं कळत नव्हतं, कारण कोणी 'आमच्याकडे चला' असं म्हणतच नव्हतं. सुरुवातीला त्यांना वाटलं, ही प्रस्तावना आहे. पोरं संकोची आहेत, आईवर गेलीत, वळण घेऊन मुद्द्यावर येतील. वळणं बरीच झाली. दवाखाना झाला, जिना झाला, अंगण झालं. मुद्दा येईना.

डोळे चुरचुरायला लागले. उराबेंना वाटलं, आपल्याला रडू येतंय. ते जरा बरंच वाटलं त्यांना. अशा वेळी डोळ्यांत पाणी शोभून दिसतं. मग कानाए डोळे पुसायला लागली, मग तेत्सुरोला खोकला आला, आणि मग तिघांनी एकदम तव्याकडे पाहिलं.

संकोचाचा तुकडा काळा पडला होता आणि त्यातून धुराची एक सरळ रेघ वर जात होती.

"गॅस," कानाए म्हणाली.

"कळ कुठे आहे?"

"आई..." तेत्सुरो बोलून गेला आणि थांबला. आईला विचारायला तो फोटोकडे वळला होता. मग लाजून घाईने उठला, टेबलाखाली वाकला, आणि त्याचं कोपर सॉसच्या भांड्याला लागलं. भांडं आडवं झालं. अख्खा सॉस तापलेल्या तव्यावर ओतला गेला, आणि आधार गेल्यामुळे मित्सुएही पालथी पडली.

लालभडक तव्यावर सॉस पडला की काय होतं ते उराबेंनी पहिल्यांदाच पाहिलं. काळा धूर असा उसळला की भिंत दिसेना. त्यांनी चाचपडत फोटो उचलला. छताला लावलेला, धुराची वर्दी देणारा भोंगा कोकलायला लागला. आतून रेडिओवरच्या गाण्याच्याही वर शिनोमावशीचा आवाज आला, "बाहेर व्हा सगळे, मी बघते."

तिघं बाहेर आले आणि बाजारगल्लीत दुकानासमोर ओळीने उभे राहिले.

आता हे चित्र गल्लीच्या बाजूने बघा. 'हिसागो'तून धूर येतोय. दारात तीन माणसं काळ्या कपड्यांत मान खाली घालून उभी आहेत. मधल्या म्हाताऱ्याच्या हातात काळ्या फितीचा फोटो आहे, त्याच्या काचेवर सॉस आणि काजळी अशी बसलीय की आत बाई आहे एवढंच कळतं. शेजारची बाई डोळ्यांना रुमाल लावून हुंदके देतेय, निदान दिसतंय तरी तसंच.

समोरच्या तोफूच्या दुकानातले हागीनो बाहेर आले. ते बाजारगल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी आधी टोपी काढली, मग आपल्या दुकानाचा पडदा अर्धा खाली ओढला, मग हात जोडून पुढे आले.

"कधी झालं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

उराबेंनी सात आठवडे हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला होता की उत्तर आपोआप बाहेर पडलं. "आज एकोणपन्नास दिवस झाले."

"एकोणपन्नास," हागीनो म्हणाले. त्यांनी दुकानाकडे पाहिलं, मग फोटोकडे. "शिनोमावशी जाऊन एकोणपन्नास दिवस झाले, आणि मंडळाला पत्ता नाही?"

सपाता विकणारी बाई त्यांच्या मागे येऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"अहो, मी काल दुपारी इथे जेवले."

तिने एकदा धुराकडे पाहिलं.

"मला वाढलं कोणी मग?" ती म्हणाली.

उराबेंनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण भोंगा असा कोकलत होता की त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. शिवाय खुलाशाचा सूर जमवायला जरा वेळ लागतो. तोवर लोक जमले, आणि जमलेले लोक आपापसात हिशेब जुळवायला लागले.

"ही लेक वाटतं. मावशीला लेक होती?"

"मुलगाही दिसतोय. आणि हा नवरा."

"नवरा? हा तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी यायचा इथे."

"यायचा ना. मी स्वतः पाहिलंय. दुसऱ्या बाईला घेऊन यायचा."

"मावशीसमोर? आणि ती वाढायची?"

गल्लीने उराबेंकडे पाहिलं. अडतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही ज्यांची गाडी उशिरा आली नाही, त्या माणसाकडे असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फोटो छातीशी आणखी घट्ट धरला. त्यामुळे संशय वाढला.

हागीनो मात्र मनाचे मोठे. ते मुलांकडे वळले आणि भोंग्यावर मात करायला त्यांनी आवाज चढवला.

"झालं गेलं ते जाऊ दे. माणूस चुकतो. पण आता हे एकटे पडले. यांना नेणार कोण?"

"ताई," तेत्सुरो ओरडला.

"तेत्सु," कानाए ओरडली.

आणि तेवढ्यात भोंगा बंद पडला. दोन्ही शब्द शांत गल्लीत लख्ख ऐकू आले. पार टोकाच्या फळवाल्याने मान वळवली.

उराबेंना तव्यावरचा तुकडा आठवला. तू घे. छे, तू घे. तू लांबून आलीस.

फार वाईट वाटलं त्यांना. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग कोणाचा करायचा? एकीच्या घरी सासू अंथरुणात, दुसऱ्याची पोरं चुलीजवळ अभ्यास करणारी. दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघंही सभ्य होते. सभ्यपणाने वाढवलं होतं त्यांना, मित्सुएने.

कानाएने मान खाली घातली. तेत्सुरो टायवरचा डाग नखाने खरवडायला लागला.

याच वेळी 'हिसागो'चा दरवाजा सरकला आणि धुरातून शिनोमावशी बाहेर आली. आत अंधारात फळीला धडकून पिठाचं अख्खं पोतं तिच्यावर पडलं होतं. केस पांढरे, तोंड पांढरं, हात पांढरे, आणि एप्रन मुळातच पांढरा.

सपातावाल्या बाईने खाली बसून घेतलं. हागीनोंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, तीही चुकीच्या ठिकाणापासून.

"काय झालं?" मावशी म्हणाली. "कोण गेलं?"

"तुम्ही," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"मी?" तिने स्वतःकडे पाहिलं. फुंकर मारून नाकावरचं पीठ उडवलं. "कधी?"

"एकोणपन्नास दिवस झाले, असं हे म्हणतात."

मावशीने उराबेंकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या फोटोकडे पाहिलं, आणि तिच्या सगळं लक्षात आलं. ती गल्लीकडे वळली. "ती यांची बायको हो. मित्सुएबाई. चाळीस वर्षं तुमच्याच दारावरून येत होती, एकाला ओळखता येऊ नये? आणि मी गेले असते तर सांगून गेले असते. चला, जेवायचं असेल त्याने आत या, बाकीच्यांनी वाट मोकळी करा."

मग माफी मागणं सुरू झालं. ते अर्धा तास चाललं. कानाए आणि तेत्सुरो दुकानादुकानांत जाऊन वाकले. हागीनो उराबेंसमोर वाकले, उराबे हागीनोंसमोर वाकले, सपातावाली बाई बसल्या जागी वाकली. या सगळ्यात 'नेणार कोण' ही एक गोष्ट मात्र कोणी काढली नाही. ती गोष्ट उराबेंच्या दोन्ही बाजूंनी, बरोबर एका हाताच्या अंतराने, चालत होती.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तेत्सुरोने घड्याळ पाहिलं. चारची गाडी गाठायची तर निघायला हवं होतं.

"बाबा," कानाए म्हणाली. "मघाशी ते... म्हणजे मला म्हणायचं होतं..."

"थांब," उराबे म्हणाले. "मला काही सांगायचंय."

आठवडाभराची मेहनत वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते आधी मुलाकडे वळले आणि जे तोंडात आलं ते म्हणून मोकळे झाले. "तेत्सुरो, तुमची माया मला कळते. पण मला तुझ्याकडे येता येणार नाही. तुझ्याकडचा समुद्राचा वारा माझ्या गुडघ्यांना बाधतो."

आवाज कापायचा तिथे बरोबर कापला. आपण डावा कागद म्हटला हे त्यांना वाक्य संपल्यावर कळलं.

सैतामाला चारी बाजूंनी जमीन आहे. तेत्सुरो क्षणभर बापाकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली.

"हो बाबा," तो गंभीरपणे म्हणाला. "वारा खरंच फार असतो."

उरलेला कागद मग कानाएला देणं भाग होतं. "आणि कानाए, समुद्र जवळ नसला तर मला झोप लागत नाही."

कानाएच्या स्वयंपाकघरात लाटांच्या आवाजाने कपबशा वाजतात. तिने ओठ चावला, डोळे पुसले. या वेळी धूर नव्हता.

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "आम्ही आग्रह करणार नाही."

दोघं वाकले आणि गेले. वळणावर दोघांनी मागे वळून हात हलवला. त्यांच्या खांद्यावरून मोठं ओझं उतरलं होतं, आणि ते पाठीवरून दिसत होतं.

उराबे 'हिसागो'त परत आले. छत्री राहिली होती असं त्यांनी सांगितलं. छत्री त्यांनी आणलीच नव्हती.

मावशी पीठ झाडत होती. मागच्या टेबलावर सॉसचा कोळसा झाला होता आणि मधोमध तो तुकडा होता, तसाच.

"खरवडते मी आत्ता," ती म्हणाली.

"राहू दे, शिनोसान. तो माझा आहे."

ते बसले. फोटो समोर ठेवला, नीट, चहाच्या पेल्याला टेकून. दोन्ही उलथनी घेतली. तुकडा तव्याला घट्ट धरून बसला होता. त्यांनी चारी बाजूंनी हळूहळू सोडवला, खाली सरकवला, श्वास रोखला आणि मनगटाला झटका दिला.

तुकडा हवेत उलटा झाला आणि तव्यावर बरोबर बसला. अगदी मधोमध.

उराबेंनी वर पाहिलं. फोटोच्या काचेवर काजळी होती. मित्सुएला काहीच दिसलं नव्हतं.

त्यांनी कोटाच्या बाहीने काच पुसली. सॉस निघाला, काजळी निघाली, ओठावरचा माशाचा कीससुद्धा निघाला. मित्सुए पुन्हा तशीच, फारसं न हसता, तव्याकडे बघायला लागली. उराबेंनी घसा साफ केला आणि तुकडा पुन्हा एकदा उलटून दाखवला. पुन्हा बरोबर बसला.

"उराबेसान," मावशी केरसुणी थांबवून म्हणाली. "गॅस बंद आहे."

"माहीत आहे," उराबे म्हणाले, आणि तिसऱ्यांदा उलटला.